बिनडांगराची घागर

माघात रुक्माबाईला न्युमोनिया झाला तेव्हा म्हातारी यातून उठत नाही, असं सगळ्यांनी धरूनच टाकलं होतं. पिंप्राळ्याच्या कॉलनीतल्या बायका दुपारची कामं उरकून डोकावून जायच्या. शेजारच्या कमलबाईंनी एकदा सुनेला, म्हणजे सुनंदाबाईला, दाराशी नेऊन हळूच विचारलं, "लुगडं आणून ठेवलंय ना? ऐन वेळी धावपळ नको."

"पांढरंच लागणार. आहे घरात," सुनंदाबाई म्हणाली.

आमच्याकडचा हळू आवाज पलीकडच्या गल्लीत स्पष्ट ऐकू जातो, मग खाटेवर डोळे मिटून पडलेल्या माणसाची काय कथा. रुक्माबाईने सगळं ऐकलं आणि बहुधा त्यामुळेच ती मेली नाही. ताप उतरला, ती उशीला टेकून बसली, आणि पेज घेऊन आलेल्या मुलाला तिने पहिला प्रश्न विचारला.

"लीलू, मी मेल्यावर मले पांढरं कोन ठरोलं?"

लीलाधरने पेज स्टुलावर ठेवली. पन्नाशी उलटलेला हा गृहस्थ पाटबंधारे खात्यात चिकटलेला होता. ज्या नद्यांना पाणी नाही त्यांच्या पुराचे अंदाज काढणं, हे त्याचं काम. कुठलाही प्रश्न वरिष्ठांकडे पाठवून विसरायची त्याला सवय होती, पण या प्रश्नाला वरिष्ठ म्हणजे समोर बसलेली आईच होती.

"माय, तू बरी झालीस. हे कशाला आता?"

"आता नाही तं कव्हा? मेल्यावर इचारू? तुहा बाप मेला का जित्ता हाये, ते आधी पाहून ये. जित्ता असंल तं मी सवाष्न जाईन. मले हिरवं लागंल."

प्रश्न रास्त होता, हीच अडचण होती.

देश स्वतंत्र होऊन दोन वर्षं झाली असतील. सावद्याला केळीचे बागायतदार बन्सीलाल चौधरी यांच्या कानाच्या पाळ्या जाड झाल्या, पाठीवर चट्टा उठला आणि चुलीतला निखारा पायाला लागला तरी त्यांना कळेना. घरात दोन बहिणी लग्नाच्या. महारोग म्हटल्यावर त्या पोरींना कोण विचारणार? म्हाताऱ्या वडलांनी एका पहाटे मुलाला गाडीत घातलं आणि धुळ्याला पांझरेच्या काठी महारोग्यांचा दवाखाना होता तिथे नेऊन पोचवलं. पंधरवड्याने गावात बातमी आली, की केळीच्या व्यवहाराला सुरतेला गेलेला बन्सीलाल तापाने गेला. घरात रडारड झाली, तेरावं झालं. तेराव्याचं जेवण फार चांगलं झालं होतं, असं सावद्याचे म्हातारे अजून सांगतात. रुक्माबाईच्या बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं. तेव्हा ती सत्तावीस वर्षांची होती आणि तिला सगळं माहीत होतं. नंतर दोन्ही नणंदांची लग्नं चांगल्या घरी झाली.

घरात हे सगळ्यांनाच ठाऊक होतं, पण कोणी कोणाला सांगितलेलं नव्हतं. लीलाधरला ते त्याच्या स्वतःच्या लग्नाच्या वेळी कळलं. पत्रिकेवर बापाच्या नावामागे 'कै.' छापायचं होतं. छापखान्यात जायच्या आधी काकांनी त्याला केळीच्या बागेत नेलं, बाप जिवंत असल्याचं सांगितलं, आणि मग दोघांनी जाऊन 'कै.' छापून घेतलं.

तेव्हापासून दर आखाजीला लीलाधर जिवंत बापाच्या नावाने घागर भरत आला होता. आखाजी म्हणजे अक्षय तृतीया, पण आमच्याकडे ती सोनं घेण्यासाठी नसते. लेकी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, आणि घरातल्या गेलेल्या माणसांसाठी नवी घागर पाण्याने भरून ठेवतात. घागरीवर एक डांगर, म्हणजे खरबूज, शेजारी दोन आंबे. चुलीतल्या निखाऱ्यावर पुरणपोळीचा तुपातला घास टाकायचा आणि गेलेल्याचं नाव घ्यायचं, की त्याची वर्षाची तहान भागते. ज्याला दवाखान्याच्या नळाचं पाणी मिळत होतं, त्याच्या तहानेचं काय होतं, हे कुठल्या पोथीत लिहिलेलं नाही.

पुढे औषधं निघाली, रोग गोळ्यांनी बरा व्हायला लागला. दवाखाना रिकामा होत होत बंद पडला. बन्सीलाल परत आले नाहीत. कुठून येणार? गावात त्यांचं तेरावं झालेलं होतं.

आणि आता, म्हातारी खाटेवर उठून बसली त्याच महिन्यात, पेपरात बातमी आली की धुळ्याला त्या जागेवर नगरपालिकेने नदीकाठी उद्यान केलं आहे. सोबत सिमेंटच्या जिराफाचा फोटो. बातमी सुनंदाबाईने वाचून दाखवली. दवाखाना होता त्या जागी, एवढे शब्द ती गाळणार होती, पण डोळे पुढे धावले आणि ते तोंडातून निघून गेले.

"मले तठी ने," रुक्माबाई म्हणाली.

"तिथे आता झाडं न् जिराफ आहेत, माय. माणसं नाहीत."

"माह्या घरात तरी कुठी व्हतं माणूस. ने मले."

लीलाधरने आधी ऊन आहे म्हणून टाळलं, मग मार्च अखेर आहे म्हणून टाळलं. शेवटी चैत्र संपत आला आणि आखाजी तोंडावर आली तेव्हा त्याने रजा टाकली. खरं सांगायचं तर त्याला भीती एवढीच होती, की बाप सापडेल. तीन खोल्यांचं घर, एक संडास, मुलीच्या लग्नाची बोलणी भुसावळला अर्ध्यावर आलेली. अशा घरात शहात्तर वर्षांचा कैलासवासी ठेवायचा कुठे?

एस.टी. एरंडोल मागे टाकून पारोळ्याला थांबली. खिडक्यांना डांगरवाले लटकले. एकाने चिरलेली फोड थेट रुक्माबाईच्या नाकाशी धरली. तिने पदर तोंडावर घेतला आणि मान फिरवली.

"सरक रे भाऊ, सरक. मळमळते मले."

"साखर शे माय, साखर."

"शे तं घरी ने."

"अजून तुझं ते डांगराचं आहेच का?" लीलाधर म्हणाला.

"लहानपनापासून हाये. वासच नाही चालत. सासरी आली तव्हा सासू म्हने, नखरे करते. तुहा बाप चोरून माह्या वाटची फोड खाऊन टाके." नवऱ्याचं नाव तिने जन्मात घेतलेलं नव्हतं. जे काय असेल ते 'तुहा बाप'.

धुळ्याला उतरून रिक्षा केली. उद्यानाच्या दाराशी भली मोठी संगमरवरी पाटी होती. तिच्यावर उद्घाटन करणाऱ्यांची, करवून घेणाऱ्यांची आणि त्या वेळी हजर असलेल्यांची नावं होती. आत आधी काय होतं, याचा उल्लेख नव्हता. तिकीट काढून दोघं आत गेली. फुलं तोडू नका, असा फलक होता. फुलं अजून यायची होती. कारंज्याच्या हौदात एक कुत्रं सावलीला निजलं होतं. नौकाविहाराचा बाणही होता. बाणाच्या दिशेने गेलं तर पांझरेच्या कोरड्या वाळूत बदकाच्या आकाराची एक बोट कलंडून पडली होती.

"हे कशात चालते?" रुक्माबाईने विचारलं.

"पाणी आलं की चालेल."

"तुह्या खात्याचंच काम दिसते हे," म्हातारी म्हणाली.

उन्हात लीलाधरचं डोकं ठणकत होतं. एक जोडपं झाडाआड बसलं होतं, ते या दोघांकडे बघून आणखी आड सरकलं. आता एक फेरी मारायची, इथे कोणी नाही हे म्हातारीला डोळ्यांनी दाखवायचं आणि दुपारची गाडी धरायची, असा त्याचा बेत होता. रस्त्यात जिराफ लागला. रुक्माबाईने जिराफ खालून वर नीट पाहिला आणि काही मत दिलं नाही.

पण निंबांची एक जुनी रांग होती, ती कुठल्याही नगरपालिकेने लावलेली नव्हती. रांगेच्या टोकाला फरशीचा लांबलचक ओटा. त्यावर नवा रंग देऊन 'खुला रंगमंच' असं लिहिलं होतं. ओट्याच्या कडेने पाणी वाहून जायची बारीक नाली होती, आणि नाटकाला नाली लागत नाही. रुक्माबाईने ओट्यावरून हात फिरवला आणि चपला काढून वर बसली.

लगेच शिट्टी वाजली.

निंबाआडून एक म्हातारा आला. खाकी शर्ट, टायरच्या चपला, गळ्यात दोरीला शिट्टी. शिट्टी त्याने दोन्ही मनगटांच्या मध्ये धरली होती, कारण बोटं धरण्याइतकी उरलेली नव्हती.

"माय, स्टेजवर बसानं नही," तो म्हणाला. "साहेब वरडतस."

"कोन्ता साहेब? तो जिराफ?"

म्हातारा हसला. त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि ओट्याखाली उकिडवा बसला. "बसा मंग. मनं काय जास."

त्याचं नाव भटू. लीलाधर त्याच्या हाताकडे बघत नव्हता, इतका बघत नव्हता की ते कोणाच्याही लक्षात यावं. भटूला त्याची सवय असावी. त्याने आपण होऊन सांगितलं, की तो इथेच पोरगा असताना आला, इथेच बरा झाला आणि बरा झाल्यावर जायला जागा नसल्याने इथेच राहिला. दवाखाना गेला, उद्यान आलं, भटू होता तिथेच राहिला. पालिकेने आधी त्याला तिकिटाच्या खिडकीत बसवलं होतं. पण त्याच्या हातून तिकीट कोणी घेईना, म्हणून मग शिट्टी दिली.

"या ओट्यावर काय व्हतं?" रुक्माबाईने विचारलं.

"पट्ट्या बदलेत. सकायले बठ्ठा आठे बसेत रांगमा."

सगळे रोगी रोज सकाळी जिथे रांगेत बसायचे, त्या ओट्यावरून रुक्माबाई उठली नाही. तिने फक्त हात फरशीवर सपाट ठेवला. मग मुलाकडे बघून म्हणाली, "इचार त्याले."

"काय विचारू?"

"तुह्या बापाचं नाव घे. मी कसं घेऊ?"

जन्मभर अर्जांवर, दाखल्यांवर, पत्रिकांवर लीलाधरने हे नाव लिहिलं होतं, दर वेळी मागे 'कै.' लावून. आता ते नुसतं घ्यायचं होतं. "बन्सीलाल चौधरी. सावद्याचे. इथे होते का कोणी?"

भटूने मान हलवली. "नावं इचारू नका, भाऊ. आठे कोनं नाव खरं नही. मी भटू, ते बी आठलंच नाव. घरना म्हनेत, आम्हनं नाव लावू नको. मंग ज्यानं जे गाव, जे पीक, ते नाव."

"केळी," रुक्माबाई म्हणाली. "केळीचा माणूस. उंच. बोलायचा कमी."

"केळीवाला आबा?" भटूने निंबांच्या पलीकडे हात केला. मुतारीच्या मागे सांडपाण्यावर केळीचं एक दाट बेट माजलं होतं. "ते त्यानंच लायेल. न्हानीना पानीवर. पालिकानी दोन डाव तोडं, तरी येस."

लीलाधरला एकदम खाली बसावंसं वाटलं. पण खाली बसायला तोच ओटा होता. तो उभा राहिला.

"कुठी हाये तो?" रुक्माबाईने विचारलं. आवाज अगदी साधा, भाजीचा भाव विचारावा तसा.

"गया ना, माय. दवाखाना बंद व्हयना त्यानी आधी. पावसायामा. हाई नदीमाच आम्हीन चौघासनी नेयं. घरनं कोनी नव्हतं." मग जरा थांबून, "कोन लागे तुमना?"

उत्तराची वाट भटूने पाहिली नाही. दोघांची तोंडं पाहून त्याला कळलं असावं. इथे फिरायला म्हणून येऊन ओट्यापाशी घुटमळणारी माणसं त्याने आधीही पाहिली असतील.

तर म्हातारीच्या प्रश्नाचा निकाल लागला होता. पांढरं. लीलाधरला हायसं वाटलं, मग हायसं वाटल्याची लाज वाटली. दोन्हींतून बाहेर पडायला त्याने घड्याळ पाहिलं. "माय, निघू या. गाडी मिळेल अजून."

"थांब." रुक्माबाई भटूकडे वळली. "आखाजीले इथी काय करा तुम्ही?"

भटूचा चेहरा उजळला. "आखाजी? आठे आखाजी लई मोठी, माय. घागरी भरूत ना आम्हीन. त्या व्हरांडामा अशी लाइन लागे."

"कोनाच्या घागरी? इथले मेलेले?"

"नही वं. घरना लोकसन्या." त्याने मनगटाने कपाळ पुसलं. "घरनासनी आमले मारं, तेरावं जेवनात. मंग आम्हीन काय त्यासले जित्ता ठेवसूत? आम्हीन बी मारं. मायना नावनी, बापना नावनी, ज्यानं त्यानं. मी मना भाऊनी भरस. आजबी भरस. तो शे ना जित्ता, आठेच धुयामा ऱ्हास, कपडानं दुकान शे. दर आखाजीले पानी पितस मना हातनं, त्याले म्हाईत बी नही."

आणि तो खुशीत हसला. लीलाधरला हसू येईना आणि न हसणंही बरं दिसेना.

"तो कोनाची भरे?" रुक्माबाईने विचारलं.

"आबा? बाईनी. बायकोनी."

"नाव घे का तो तिचं?"

"घास टाकताना घेना पडस ना. पन तो मनमाच घे. मोठा सांगे नही." भटू आठवू लागला. "पन एक गोठ सांगस. त्यानी घागर अलग दिसे. बठ्ठासन्या घागरीवर डांगर, त्यानीवर नही. नुसता दोन आंबा. एक डाव मी डांगर आनी दिनं, तं मावरच तापना. म्हने, उचल ते. तिले त्याना वासबी चालत नही."

निंबाची वाळकी पानं ओट्यावर पडत होती. रुक्माबाईने त्यातलं एक उचललं, काडीपासून सोडवलं आणि खाली टाकलं. तिच्या डोळ्यांत पाणी वगैरे आलेलं लीलाधरला दिसलं नाही. चेहऱ्यावर होता तो बाजारात वजनाचा काटा स्वतः तपासून घेणाऱ्या बाईचा भाव.

"केव्हापासून भरे?"

"मी उनू तव्हापाशी पाही ऱ्हायनू. त्यानी आधीपाशी भरत व्हई."

"बरं," ती म्हणाली. चपला घातल्या. निघताना तिने भटूच्या आखूड हातावर आपला हात ठेवला, आणि ठेवून तो लगेच काढला नाही. भटूने अवघडून शिट्टी चाचपली. जोडप्याच्या दिशेने उगाच एकदा वाजवली.

परतीच्या गाडीत गर्दी होती. लीलाधर दांड्याला धरून उभा, म्हातारी खिडकीशी. पारोळं मागे पडलं. तो मनात वाक्यं जुळवत होता: माय, जे झालं ते झालं; आता निदान नक्की कळलं; पांढरं तर पांढरं, त्यात काय. शेजारची जागा रिकामी झाल्यावर तो बसला आणि यातलं पहिलं वाक्य उच्चारणार, तेवढ्यात तीच म्हणाली,

"हिरवं घेजो."

"अगं माय, पण ते तर गेले. भटूने सांगितलं ना. तुझ्यासमोर."

"तो पावसायात गेला. त्याच्या किती आधीपासून माही घागर भरे?"

"बरीच वर्षं."

"मंग मी आधी मेली का तो?"

खात्यात बत्तीस वर्षं काढून लीलाधरला एवढं कळत होतं, की काही युक्तिवादांना हरकत घेता येत नाही; नियमच तसा असतो.

"पण माय, आपण त्यांना त्याच्याही आधी मारलं होतं."

"ते तुह्या आज्यानं. माणसं जेवू घालून मारलं. तो मले मनात नाव घेऊन मारे. कोनाचं खरं धरायचं?"

"आणि लोकांना काय सांगू? विधवा बाई हिरव्या लुगड्यात? भुसावळचे पाहुणे विचारतील."

"लोकायले इतकी वर्सं खोटं सांगलं, आता खरं सांगून त्यायले कायले तरास देतो?" तिने डोकं खिडकीच्या दांड्याला टेकवलं. "सांगजो, म्हातारीची हौस व्हती."

एरंडोलच्या अलीकडे तिला झोप लागली. लीलाधर जागाच होता. समोरच्या बाकावर कोणाच्या तरी पिशवीत डांगर होतं आणि गाडीभर त्याचा वास सुटला होता. आजवर भरलेल्या घागरी त्याला आठवत होत्या. इकडे तो बापाच्या नावाने पाणी ओतत होता, तिकडे त्याच दिवशी बाप मायच्या नावाने. दोघं जिवंत, दोघं आपापल्या जागी नळाचं पाणी पीत. तो फार थकला होता. म्हातारीच्या नाकावर त्याने तिचाच पदर हलकेच ओढला.

आखाजीला सुनंदाबाईने पुरण घातलं. घरात गॅस, त्यामुळे निखाऱ्यासाठी पत्र्याच्या डब्यात कोळसे पेटवले आणि स्वयंपाकघरभर धूर झाला. लीलाधर सोवळं नेसून पाटावर बसला. कुंभाराकडून नवी घागर आणली होती. रुक्माबाई भिंतीला टेकून बसली होती, अंगावर रोजचंच फिकं लुगडं, आणि सगळ्यांवर बारीक नजर.

"एकच आनली?"

"एकच तर असते, आत्याबाई," सुनंदाबाई म्हणाली.

"दुसरी आन. त्याच्या मागं माही कोन भरते आता?"

सुनंदाबाईने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने कोळशाकडे पाहिलं. मग तो उठला, सोवळ्यावर शर्ट चढवला, सायकल काढली आणि भर उन्हात कुंभाराकडून दुसरी घागर घेऊन आला. दोन्ही शेजारी ठेवल्या, पाण्याने भरल्या. निखाऱ्यावर पहिला घास टाकला, बापाचं नाव घेतलं. या वेळी 'कै.' खरं असल्याचं त्याला माहीत होतं. दुसरा घास हातात घेऊन तो थांबला. ज्या बाईचं नाव घ्यायचं, ती समोर बसून पुरणपोळी खात होती आणि वेलची कमी पडल्याचं सुनेला सांगत होती.

"घे ना नाव," ती म्हणाली. "मनातच घे. मोठ्यानं नको."

त्याने मनात घेतलं. तुपाचा चर्र आवाज झाला. मग त्याने टोपलीतलं डांगर उचललं आणि पहिल्या घागरीवर ठेवलं. दुसरं उचलायला हात गेला, तेवढ्यात भिंतीकडून घास गिळल्याचा आवाज आला.

"माह्यावर नको ठिवू."